जाहिरात एजन्सीत टिकून राहण्याची सोपी पद्धत (शहापूर-मुरबाडकर नवशिक्यांसाठी)

पात्रता व साहित्य

ही मार्गदर्शिका शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या मुलामुलींसाठी आहे. कॉलेजच्या भित्तिपत्रकात तुम्ही चार ओळी लिहिल्यात, गणेशोत्सवाच्या अहवालाचं मुखपृष्ठ केलंत, सरपंचांच्या वाढदिवसाच्या बॅनरवर यमक जुळवलंत आणि कुणीतरी म्हणालं, ‘तू ॲडमध्ये जा.’ तुम्ही गेलात. आता पुढचं वाचा. दादर-पार्ल्याच्या उमेदवारांनी वाचायला हरकत नाही, पण रात्री दीड वाजता टॅक्सी करून घरी पोचणाऱ्या माणसाला यातलं निम्मं कळणार नाही.

साहित्य: लॅपटॉप, चार्जर, दुसरा चार्जर (पहिला ऑफिसातच राहतो), रेल्वेचा पास आणि गार झाला तरी खाववेल असा डबा. भाषा तीन लागतात. मराठीत सुचलं पाहिजे, हिंदीत समजावता आलं पाहिजे आणि इंग्रजीत माफी मागता आली पाहिजे.

मुलाखतीत पगार विचारू नये. विचारलाच तर समोरची व्यक्ती खुर्चीत मागे रेलते आणि ‘इथे शिकायला खूप मिळेल’ असं सांगते. आपल्याकडे वीटभट्टीवर जाणारं कातकरी कुटुंबसुद्धा मालकाची उचल घेऊन मग निघतं. इथे ट्रेनी म्हणून पहिले काही महिने तुम्हीच एजन्सीला उचल द्यायची असते. (तुलना इथेच थांबवतो. भट्टीवरची उचल वर्षानुवर्षं फिटत नाही, तुम्ही मात्र उद्या राजीनामा देऊ शकता. हा फरक लहान नाही. तुमची आई तो पुढे ऐकवणार आहेच.)

शेवटची गाडी

नव्या मुलाकडे एक धोकादायक वस्तू असते. ती म्हणजे शेवटची गाडी.

मुंबईहून आसनगाव पंच्याऐंशी किलोमीटरच्या पुढे, कसारा एकशेवीसच्या आसपास. कल्याणच्या पुढे वर्षानुवर्षं जायला एक आणि यायला एक एवढेच रूळ, त्यामुळे मागून मेल आली की लोकलने बाजूला थांबायचं. मुरबाडला तर रेल्वेच नाही. ती येणार आहे, हे तुमच्या आजोबांनीही ऐकलं होतं. कल्याणला उतरायचं आणि एसटी धरायची, ती गेली असेल तर जीप शोधायची. हे तुम्हाला संकट वाटतं. एजन्सीला ते बंड वाटतं.

त्याचं असं आहे, की ऑफिसातून उठायला माणसाकडे जी कारणं असतात त्यांतलं एकही तिथे चालत नाही. भूक लागली? मागवा काहीतरी. दमलात? कॉफी घ्या. बायको वाट बघतेय? तिलाही सवय होईल. फक्त ‘माझी शेवटची गाडी आहे’ म्हटलं की सगळे गप्प होतात. क्लायंटला कुणाशीही हुज्जत घालता येते, मध्य रेल्वेशी येत नाही. तुमच्या दिवसाला एक कड आहे आणि ती तुम्ही आखलेली नाही, म्हणून कुणाला सरकवता येत नाही. ही कड पुसून टाकणं हेच नोकरीतलं पहिलं प्रशिक्षण.

ते प्रेमाने होतं. क्लायंट सांभाळणाऱ्या सर्व्हिसिंग विभागातली ताई म्हणते, ‘थांब ना, ठाण्यापर्यंत कॅब देते.’ रात्री एक वाजता ठाणे स्टेशनावर उभं राहून आसनगावला कसं जायचं, हे तिला विचारू नका. तिने आसनगाव फक्त इंडिकेटरवर वाचलंय. मग येतो ऑफिसातला सोफा. त्यावर झोपलेल्या माणसाचा फोटो सकाळी ग्रुपवर पडतो, खाली टाळ्यांचे इमोजी येतात. हा बहुमान समजावा. त्यानंतर डोंबिवलीला किंवा कुर्ल्याला तिघांत मिळून खोली. घरी सांगताना ‘प्रवास वाचतो’ असं सांगावं. वाचलेला प्रवास गेला कुठे, ते महिनाभरात कळतं. ते सगळे तास ऑफिसने उचललेले असतात. गाडीत निदान डुलकी लागायची. डब्यातल्या भजनी मंडळाचे टाळ कानावर पडायचे. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकून का होईना, तेवढा वेळ तुम्ही कुणाचे नव्हतात.

२०२० च्या मार्चनंतर उरलीसुरली कडही गेली. घरून काम आलं. टोकावडे, धसई, किन्हवली, डोळखांब या बाजूंना पूर्वी ‘रेंज नव्हती’ हे दुसरं नामी कारण होतं. टॉवर आले. आता आवणी चालू असताना बांधावर उभं राहूनही ‘लोगो जरा डावीकडे घेऊ या का’ हे स्पष्ट ऐकू येतं.

ब्रिफ

तुमच्या हाती पडणाऱ्या कामांत एक काम ठरलेलं असतं: मुरबाड किंवा शहापूरमधले फार्महाऊस प्लॉट. क्लायंटच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, ‘आपल्याकडे तिकडचाच मुलगा आहे,’ आणि सगळ्या माना तुमच्याकडे वळतात.

इथे भावनेच्या आहारी जायचं नाही. ओळ अशी हवी, की मुंबईपासून सगळं दीड तासावर. ती लिहिणारा स्वतः सकाळी सहाला घरातून निघून साडेनऊला टेबलावर पोचलेला असतो. त्याने ती बिनदिक्कत लिहावी, कारण दीड तास हा क्लायंटच्या मोटारीचा वेळ आहे, पहाटे चारचा. पुढची ओळ शांततेवर. निवांत आयुष्य, घड्याळाचा काटा नको, फोनची घंटा नको. ही ओळ मंजूर व्हायला साधारण मध्यरात्र उलटते आणि तोवर तुमच्या फोनवर सतरा निरोप येऊन पडतात.

चित्रासाठी माहुली किल्ल्याचे सुळके किंवा माळशेजचे धबधबे घ्यावेत. ‘गाव दाखवा, पण गावातली माणसं नकोत’ अशी सूचना येईल. तिचा अर्थ लावत बसू नये. त्यानंतर सुविधांची यादी येते आणि तिच्यात ‘२४ तास पाणी’ असतं. तुम्हाला ठाऊक आहे, की तानसा धरण १८९२ साली पुरं झालं ते मुंबईसाठी, नंतर वैतरणेवरची धरणं झाली, भातसा झालं आणि आज मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे. तुम्हाला हेही ठाऊक आहे, की उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर येतो आणि हंड्यांची रांग लागते. हे सगळं बैठकीत सांगता येईल. मी एकदा एका नवख्या मुलाला सांगताना पाहिलंय. सगळ्यांनी मन लावून ऐकलं आणि शेवटी क्लायंट म्हणाला, ‘वा, यातून एक सुंदर सीएसआर फिल्म होईल.’ फिल्मचं कामही त्यालाच मिळालं. उद्या सकाळपर्यंत.

काम रात्रीच का येतं

नवशिक्यांना वाटतं, आपण सावकाश आहोत म्हणून उशीर होतो. हा गैरसमज टिकवून ठेवणं सगळ्यांच्या सोयीचं आहे.

खरी व्यवस्था अशी. क्लायंटकडचा माणूस दिवसभर त्याच्या बैठकांत असतो, त्यामुळे तुमचं काम तो संध्याकाळी सहाला उघडतो. साडेसातला त्याचं मत सर्व्हिसिंगकडे येतं. त्याला ते सकाळी दहाला हवं असतं, कारण दहाला तो साहेबांना दाखवणार असतो. साडेसात ते दहा यांच्या मधे जे उरतं त्याला इतर लोक रात्र म्हणतात. साखळीतल्या प्रत्येकाचा उशीर खाली घरंगळत येतो आणि ज्याच्या खाली कुणी नाही त्याच्या झोपेत जमा होतो.

यात पैशाचाही भाग आहे. १९०५ साली गिरगावात बी. दत्ताराम आणि कंपनी निघाली, आपल्याकडच्या अगदी जुन्या एजन्सींपैकी ती एक. तेव्हापासूनच्या धंद्याचा पुढे जो साचा बसला तो कमिशनचा. वर्तमानपत्रात जाहिरात छापली की बिलातले १५ टक्के एजन्सीचे. एक चांगली जाहिरात वर्षभर छापून यायची आणि तिच्या जिवावर लिहिणारा दुपारी चहा प्यायला जायचा. आता बहुतेक कामं महिन्याच्या ठरीव रकमेवर चालतात. क्लायंट आकडा ठरवून देतो आणि त्या आकड्यात किती पोस्ट, किती रील, कुठल्या कुठल्या सणाच्या शुभेच्छा हे महिन्यागणिक वाढत जातं. माणसं वाढवली तर नफा घटतो. तीच माणसं रात्री बसवली तर घटत नाही. तुमच्या जागरणाची किंमत एजन्सीच्या हिशेबात शून्य आहे आणि शून्य किमतीची वस्तू कुणी जपून वापरत नाही.

पिच हा प्रकार तर साक्षात फुकटचा. नवा क्लायंट चार-पाच एजन्सींना बोलावतो, सगळ्या आपापल्या पोरांना जागवतात, काम एकीला मिळतं. बाकीच्यांची जागरणं डेकच्या शेवटच्या पानावर ‘थँक यू’ लिहून संपतात.

टाइमशीट भरताना आठच तास भरावेत. जास्त भरले तर तुमचा वेग कमी आहे, असं म्हणतात. कमी भरले तर तुमच्याकडे वेळ आहे, असं म्हणतात.

कायदा (नवशिक्यांनी हा भाग मोठ्याने वाचू नये)

तुमचं ऑफिस लोअर परळला एखाद्या जुन्या गिरणीच्या आवारात असण्याचा बराच संभव आहे. आवाराला नाव अजून मिल्सचं, आत काचा आणि कॉफी. चिमणी राखली असेल तर तिच्यासमोर फोटो काढतात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यातून गिरण्या कधी उठल्याच नाहीत, हे फोटोखाली लिहीत नाहीत.

याच गिरण्यांतल्या कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली. ‘दीनबंधु’चे संपादक असलेला हा माणूस सहा वर्षं अर्ज, सभा, निवेदनं करत राहिला आणि १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. तोवर आठवडा संपतो ही कल्पनाच गिरणीत नव्हती. शिवाय गिरणीला भोंगा होता. पाळी सुरू झाल्याचा वाजायचा तसा संपल्याचाही वाजायचा, आणि तो ऐकून उठणाऱ्याला कुणी ‘एवढ्यात?’ असं विचारत नसे. त्याच जागेवर, त्याच रविवारी, तुम्ही पोळ्याची पोस्ट करत बसलेले असता. क्लायंटचा ट्रॅक्टर आहे, बैलाला फेटा हवाय.

कायदा आजही आहे. महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा झाला तेव्हा तो दहा किंवा अधिक कामगारांच्या कचेऱ्यांना लागू होता. त्यात होतं: दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी आणि जादा तासाला दुप्पट मजुरी. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या आस्थापनांसाठी नवाचे दहा तास करायला मान्यता दिली, तेव्हा कामगार संघटनांनी ओरड केली. एजन्सीतल्या मुलांना मात्र घरी जायला लवकर मिळणार, अशी चुकून आशा वाटली.

पण यात एक दार आहे. व्यवस्थापकीय, देखरेखीच्या किंवा विश्वासाच्या पदावरच्या माणसाला हा कायदा लागत नाही. तेव्हा चोविसाव्या वर्षी तुमच्या नावामागे ‘ग्रुप हेड’ लागलं, तर पेढे वाटण्याआधी ग्रुपात तुमच्याखेरीज कोण आहे ते पाहून घ्या.

दुसरं दार अधिक सुंदर आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयापुढे एका तंबाखू कंपनीच्या विक्रेत्याचा खटला निकाली निघाला. बाजारात, मेळ्यांत माल कसा खपवावा, कुठे पोस्टर लावावं, सिनेमाच्या स्लाइड कशा असाव्यात हे सुचवणं त्याच्या कामात होतं. न्यायालयाचं म्हणणं पडलं, की या कामाला कल्पक आणि सर्जनशील मन लागतं. ते अंगमेहनतीचं, कुशल, अकुशल किंवा कारकुनी काम नव्हे. म्हणून तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याखाली हा माणूस ‘कामगार’ नव्हे. पुढच्या निकालांत त्यावर बराच काथ्याकूट झालाय, तो वकिलांसाठी. नवशिक्याने एवढं जाणावं: भिंतीवर ज्या शब्दाचे निऑन दिवे लावलेत, सुट्टीच्या दिवशी ज्यावरून तुम्हाला लाडीगोडी लावली जाते, त्याच शब्दाने माणूस कामगारांच्या यादीतून बाहेर पडू शकतो. कॉलेजात तुम्हाला ‘तुझ्यात क्रिएटिव्हिटी आहे’ म्हणणाऱ्याला हे माहीत नव्हतं. मालकाला माहीत असतं.

थकवा कसा ओळखावा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ला आजारांच्या नव्या वर्गीकरणात जागा दिली, पण आजार म्हणून नव्हे, कामाच्या जागेशी निगडित स्थिती म्हणून. मला ही बारीक तफावत फार आवडते. आजार माणसाला होतो, ही स्थिती जागेची. एजन्सीने मात्र माणसालाच ध्यानधारणेच्या ॲपचं वर्गणीपत्र दिलं, जागा होती तशीच ठेवली.

ख्रिस्तिना मास्लाक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी याची तीन लक्षणं सांगितलीत. त्यांची शहापुरी रूपं अशी. पहिलं, शक्ती जाणं: वासिंदला डोळा लागतो आणि जाग येते तेव्हा आटगाव. दुसरं, सगळ्याचा उबग: चुलतबहिणीची लग्नपत्रिका हातात येते आणि तुम्हाला फक्त अक्षरांतलं अंतर दिसतं. तिसरं, आपल्याने काही होत नाही असं वाटणं: पूर्वी गावच्या क्रिकेट सामन्यांचं पोस्टर अर्ध्या तासात करणारे तुम्ही, आता मंडळाच्या पोरांना ‘तीन पर्याय पाठवतो’ म्हणता आणि पाठवत नाही.

घरी सांगून पाहा. आई म्हणेल, ‘एसीत बसून काय दमतोस रे?’ तिचं चुकत नाही. तिचं दमणं पायात, पाठीत असतं, आवणी संपली की पाऊस बघत बसता येतं. तुमच्या कामाला आवणी नाही की झोडणी नाही, पीक कधीच घरात येत नाही, त्यामुळे दमलो हे दाखवायला हातात काही नसतं.

इथे थोडा वेळ थट्टा बाजूला ठेवतो. टोकियोतल्या डेन्त्सू या बलाढ्य जाहिरात कंपनीतल्या चोवीस वर्षांच्या मुलीने २०१५ च्या नाताळात आयुष्य संपवलं. जपानच्या कामगार खात्याने ते अतिकामाचं फलित ठरवलं आणि २०१७ मध्ये न्यायालयाने कंपनीला ५ लाख येन दंड केला. जीव गेला तरी हातचं काम सोडू नये, असं शिकवणारं एक सूत्र त्या कंपनीच्या नोकरांच्या डायरीत १९५० च्या दशकापासून चालत आलेलं होतं. ते पान त्यानंतर निघालं. आपल्याकडे पुण्यात, २०२४ च्या जुलैत, एका मोठ्या हिशेबतपासणी कंपनीतली सव्वीस वर्षांची सनदी लेखापाल नोकरीला लागून चार महिने होतात न होतात तोच गेली. अतिकामाने गेली, असं तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना पत्रात लिहिलं. कामगार खात्याचे अधिकारी त्या कार्यालयात गेले तेव्हा कळलं, की २००७ पासून चालणाऱ्या त्या जागेची दुकाने आणि आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती. त्याच्या आधीच्या वर्षी एका मोठ्या उद्योजकाने आठवड्याला सत्तर तास सुचवले होते. नंतरच्या जानेवारीत दुसऱ्या एका कंपनीप्रमुखाचे नव्वद गाजले.

रजा

मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावची जत्रा पौष पौर्णिमेला भरते, म्हणजे नेमकी २६ जानेवारीच्या सेलच्या कामांच्या ऐन तोंडावर. खांबलिंगेश्वराचं दर्शन, बैलबाजार, रात्रीचा तमाशा हे रजेच्या अर्जात लिहू नये. ‘रूरल इनसाइट्ससाठी फील्ड व्हिजिट’ लिहावं. मंजूर होते. अट एकच, की परतल्यावर दहा स्लाइडचं सादरीकरण द्यायचं. बैलांचे फोटो भरपूर काढा.

आजारपणाची रजा ताप आल्यावरच घ्यावी. मन थकल्याचं सांगितलं तर ‘आम्ही सगळेच’ असं उत्तर येतं आणि ते खरंही असतं, कारण क्रिएटिव्ह डायरेक्टरही दोन गोळ्या घेऊनच झोपतो. लग्नाची रजा मुहूर्तावर ठरते, पण हळदीला लॅपटॉप जवळ ठेवतात.

राजीनामा द्यायची वेळ येईल. नोटिसीच्या महिन्यात एक चमत्कार घडतो: तुमचं काम सातला संपू लागतं. म्हणजे ते आधीही संपू शकत होतं. यावर विचार करायचा तर घरी जाऊन करावा.

एक काम मात्र पहिल्या दिवसापासून करा. एक साधी वही घ्या. आत शिरल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, रात्री निरोप कुणाचा आणि किती वाजता आला, रविवार कुठला गेला, सगळं तारीखवार लिहा. महिनाअखेरीस पगाराला खऱ्या तासांनी भागा, जादाच्या तासांना दुपटीने गुणा, आणि खाली रेघ मारून आकडा लिहा. वांद्र्याच्या कामगार भवनात जायची वेळ आलीच, तर ‘खूप त्रास होतो’ या वाक्यापेक्षा तारखा उपयोगी पडतात. ही वही ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नका. घरात सातबारा आणि रेशनकार्ड ज्या पिशवीत असतं त्या पिशवीत ठेवा, आणि वडिलांना सांगून ठेवा, की हीसुद्धा जमिनीचीच कागदं आहेत. नाहीतर पावसाळ्यात चूल पेटवायला जाईल.